प्रमिलाबाईंचं उत्तर

४ नोव्हेंबर

धाकट्या रेवूचा साखरपुडा पार पडला. पाय सुजलेत, घसा बसलाय. रेवू खूश आहे. आशिषही बरा वाटतो, बोलतो कमी आणि जेवतो नीट. त्यांचं कळमन्याच्या बाजारात धान्याच्या अडतीचं दुकान आहे. आई आठवडाभर धास्तावली होती ती त्याच्या आईमुळे. प्रमिलाबाई. "कडक बाई आहे म्हणतात वं," हे मी किती वेळा ऐकलं असेल.

पंगतीत त्यांनी ताटातली वाटी उचलली, उलटी केली, बुड पाहिलं. मग बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकला. आमच्यासारख्या भांडेवाल्याच्या कार्यात, भांडेवाल्याच्या बायकोसमोर. सगळ्या बायका बघत राहिल्या. आई माझ्याकडे बघायला लागली, आणि मी हातातल्या डावानं पाण्याच्या पितळी गुंडावर ठेका धरला. ओळ आपोआप आली:

वाजवून घ्या हो वाजवून घ्या,
प्रमिलाबाई, वाजवून घ्या,
वाटी झाली, पोरगी बी आता
टिचकी मारून पाहून घ्या.

आईनं उचललं, मग मावश्यांनी, मग सगळ्यांनी. विहिणीवर अशी नावानिशी गाणी आता कोण म्हणतं, डीजे लावतात आणि मोकळे होतात. आज मात्र हॉल दणाणला. प्र.बाईंनी पदर तोंडाला लावला आणि खांदे हलेस्तोवर हसल्या. हात धुताना मला म्हणाल्या, "गाऊन घ्या आज. लग्नाच्या पंगतीत नंबर माझा आहे. तू तं सापडच मले, पल्लवी."

आई रात्री म्हणाली, बाई चांगली आहे. सुटलो.

८ नोव्हेंबर

चाल डोक्यातून जात नाही. खाली बाबांच्या दुकानात गिऱ्हाईक दिवसभर भांडी वाजवून बघतात. लहानपणापासून हाच आवाज ऐकते, आणि इतक्या वर्षांत गाण्यात घ्यायचं सुचलं नाही. मी म्हणजे अगदीच ही आहे.

गल्ली बंद असताना तीन गुंड आणि एक परात वर माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नेली, माइक लावला. पितळेचा नाद मोठा छान येतो, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, बद्द. त्यावर ढोल, खाली बास. मुंबईच्या गाण्यांच्या कंपनीतला निखिल दोन महिने मागे लागलाय, "मातीतलं काहीतरी दे". घे बाबा माती.

शब्द अजून नाहीत. नेहमीसारखी डमी गायले, म्हणजे खरे शब्द सुचेपर्यंत तोंडात येईल ते. तोंडात प्रमिलाबाईच होत्या. अंतरेही त्यांच्यावरच झाले. वाटी उलटून पाह्यली, वेणी उलटून पाह्यली, वगैरे. फाइल पाठवली. खाली लिहिलं: आवाज माझा आहे, फक्त अंदाजासाठी. शब्द बदलणार.

१३ नोव्हेंबर

निखिलचा फोन. बॉसनं तीनदा ऐकलं.

"आवाज कोणाचा आहे?"
"माझाच. डमी आहे."
"हाच ठेवायचा. शब्द पण हेच. प्रमिलाबाई म्हणजे कमाल आहे यार, कुठून सुचली?"

काहीतरी पुटपुटले. फोन ठेवून पाणी प्यायले.

पंधरा वर्षं. साडीच्या दुकानांच्या जाहिराती, नगरसेवकांची प्रचारगीतं, हळदीची, बारशाची. दुसऱ्यांच्या नावाची गाणी, दुसऱ्यांच्या आवाजात. माझा आवाज नाकातला, असं गुरुजी म्हणाले होते आणि मी ते ब्रह्मवाक्य मानलं. आणि आज मुंबईचा माणूस म्हणतो, हाच ठेवायचा.

संमती मेलवर द्यायची आहे.

१४ नोव्हेंबर

दिवसभर मेल उघडून बसले.

प्रमिलाबाई काय एकच असतात? महाराष्ट्रात पैशाला पासरी. कोण म्हणणार की हीच ती? आडनाव नाही, गाव नाही.

आणि विचारलं तर त्या नाही म्हणतील. म्हणून विचारत नाही. निदान इथे तरी खरं लिहिते.

"चालेल" असा एका शब्दाचा मेल पाठवला.

२१ नोव्हेंबर

गाणं आलं. रेवूला आधी ऐकवलं नव्हतं. तिनं इअरफोन कानातून काढले आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, हे तं आपल्या पंगतीतलं आहे."
"हो."
"त्यायले विचारलं तू?"
"अगं, कोणाला कळतंय."
"मले कळलं ना."

बाबा मात्र खूश. दुकानात मोठ्यानं लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, हे आमच्याच गुंडाचे आवाज आहेत. आई माझ्याकडे न पाहता भाजी निवडत बसली.

२६ नोव्हेंबर

चाललंय. चाललंय म्हणजे पळतंय. ऑटोत वाजतं, इतवारीत हातगाडीवाल्याच्या फोनवर वाजतं. लोक रील करतायत. स्वयंपाकघरातून भांडं आणायचं, सासूसमोर टिचकी मारायची. बुटीबोरीच्या कारखान्यातल्या पोरांनी जेवणाच्या डब्यांवर ठेका धरून केलेलं तर मी पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यातल्या अर्ध्यांना मराठी येत नसेल, पण 'प्रमिलाबाई' सगळे एका सुरात.

रडू आलं. आनंदाचंच. खोटं कशाला बोलू.

२८ नोव्हेंबर

झालं.

साखरपुड्याच्या दिवशी आशिषच्या चुलत बहिणीनं पंगतीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता कुणीतरी तो माझ्या गाण्याला जोडलाय. प्र.बाई वाटी उलटी करतात, टिचकी मारतात, आणि तिथून माझा आवाज सुरू होतो. वर लिहिलंय, ही पाहा खरी प्रमिलाबाई.

आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. आईनं फोन माझ्यापुढे धरला आणि एवढंच म्हणाली, "हे पाह्य."

२९ नोव्हेंबर

प्रमिलाकाकूंना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. आशिषनं उचलला, आई झोपली आहे म्हणाला. सकाळचे दहा वाजले होते.

१ डिसेंबर

रेवू आज आशिषला भेटून आली. चप्पल न काढता माझ्या खोलीत.

कळमन्यात काका, म्हणजे आशिषचे वडील, लिलावाला उभे राहिले की हमाल पत्र्याच्या डब्यावर ठेका धरतात. कुणी नाव घेत नाही, नुसता ठेका. काकू रोज दुपारी दुकानात हिशेबाला बसायच्या, वीस-बावीस वर्षं. जाणं बंद केलंय. काका एक अक्षर बोलत नाहीत, आणि काकू तर त्याहून नाही.

"शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं," रेवू म्हणाली. "मले त्या घरात राहायचं आहे, ताई. तुले नाही. मी रोज त्यायले वाटी वाढीन तवा त्यायच्या मनात काय येईन?"

मी म्हटलं, मी माफी मागते.

"तू माझ्या सासूले विकलं," म्हणाली आणि गेली. दार आपटलं असतं तरी चाललं असतं. हळूच लावलं.

३ डिसेंबर

निखिलला विनंती केली, नाव बदलू. 'आत्याबाई' घालून पुन्हा गायले, पाठवलं. मात्रा जुळते, पण मेलं काहीच होत नाही त्यातून. त्यालाही तेच वाटलं.

"गाणं नावावरच चाललंय, पल्लवी. तू संमती दिलीस."

दिली खरी. मग त्यानं मूळ गोष्ट काढून घेतली माझ्याकडून. बावळटासारखी मी सगळं सांगितलं, साखरपुडा, पंगत, लग्न पंधरा तारखेला. मला वाटलं, त्याला दया येईल. तो म्हणाला, "म्हणजे लग्नात ती उत्तर देणार? आम्ही टीम पाठवतो. दोन मिनिटं शूट. भाग दुसरा. आणि हे झालं तर तीन गाण्यांचा करार, सगळी तुझ्या आवाजात."

शूटिंगला नाही म्हटलं, ताबडतोब.
भाग दुसऱ्याला म्हटलं, बघू.

हे 'बघू' कुठून आलं माझ्या तोंडून?

६ डिसेंबर

निरोप आला. बैठकीतून नाही, आशिषकडून, तोही रेवूला मेसेज करून. लग्न ठरल्या दिवशी होईल. पण विहिणीची पंगत बसणार नाही, गाणी होणार नाहीत. काकू अक्षता टाकून घरी जातील.

आई देवघरासमोर बसून होती. बाबा पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "लोकायच्या घरच्या भांड्यावर नाव कोरतो मी. इचारल्याबिगर एक अक्षर नाही टाकत. आन् तू?" दुकानातलं गाणं त्यांनी बंद केलंय, तो व्हिडिओ आला त्या दिवसापासूनच. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रेवू मेंदीवालीला फोन करत होती. आवाज अगदी सरळ. ती अशी सरळ बोलते तेव्हा मला फार भीती वाटते.

९ डिसेंबर

कळमन्याला गेले. सांगून गेले असते तर नको म्हणाले असते, म्हणून न सांगता. (सवयच झालेली दिसते.)

काकूंनी दार उघडलं. बसा म्हणाल्या. साखरपुड्यात 'तू' म्हणत होत्या, आज 'तुम्ही'. चहा आणला. मी माफीचं पाठ करून नेलं होतं, अर्ध्यात अडकलं. त्या ऐकत होत्या आणि ऐकतही नव्हत्या.

मग म्हणाल्या, "मी वाटी काहून उलटी केली, इचारलं का कोणी?"

नाही.

त्यांच्या लग्नातल्या भांड्यांवर दुसऱ्याच पोरीचं नाव होतं. कुणाची तरी मोडलेली सोयरीक, भांडी स्वस्तात मिळाली, वडिलांनी घेतली, नाव खोडायचं राहिलं. सासरी पहिल्याच जेवणाला नणंदेनं वाटी उलटी केली आणि मोठ्यानं वाचलं. वर्षानुवर्षं त्या वाट्यांत त्या जेवल्या. तेव्हापासून कुठेही गेल्या की आधी बुड पाहतात, हात थांबतच नाही.

"तुमच्या वाटीवर रेवतीचं नाव होतं. साफ कोरलेलं. मले बरं वाटलं, म्हणून टिचकी मारली. म्हणून मी हसली."

मी कप खाली ठेवला.

"गाण्याचा राग नाही मले. पंगतीतलं पंगतीत राह्यते, म्हणून तं एवढं तोंडावर बोलता येते. आन् माझं उत्तर तयार होतं. दोन मुलगे झाले, पोरगी नाही, तं अशा पंगतीत आपला नंबर कवा येते? पहिल्यांदा येऊन राहिला होता. आता मी तोंड उघडलं का पंधरा फोन वर होतीन."

मी म्हटलं, काकू, पंगत होऊ द्या. सगळ्यांचे फोन मी बाहेर ठेवून घेईन. एक नाही राहणार आत. माझी जबाबदारी.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"आन् तुमचा कान? तो कुठं ठेवान?"

चहा थंड झाला होता, तसाच प्यायले. निघताना म्हणाल्या, "पाहून घेईन." हो का नाही, कळलं नाही.

१० डिसेंबर

रेवूला वाटीचं सांगितलं. ती हातातलं टाकून उठली. मग स्वयंपाकघरात गेली, आपल्या रुखवतातली एकेक वाटी काढून बुड पाहून आली.

अजून बोलत नाही माझ्याशी. पण जेवताना भाजी वाढली.

१२ डिसेंबर

निखिल: चाल तरी पाठव. शब्द नंतर.
मी: लग्नात आहे.
निखिल: तीच तर वेळ आहे. सोळा-सतरापर्यंत हवं, नाहीतर हवा जाते.

हवा जाते हे खरंच आहे. आधी पाहिलंय मी. एका गाण्यापुरती पोरं येतात, मग लोक विचारतात, कोण ती? उद्या मला विचारतील. आज नाही म्हटलं तर पुन्हा साडीची दुकानं.

१३ डिसेंबर

हळद. कोपऱ्यावरच्या मांडवात कुणाचं तरी दुसरंच लग्न आहे, तिथं डीजेवर माझंच गाणं. हळद लावणारे हात थांबले. आईनं खिडकी लावून घेतली. तरी येतंच होतं आत. आपणच बसवलेला बास, चांगला बसवलाय.

१५ डिसेंबर

लग्न लागलं. काकूंनी अक्षता टाकल्या. सगळ्यांना वाटलं आता निघतील. आईचा हात माझ्या हातात होता.

त्या निघाल्या नाहीत. सरळ पंगतीच्या खोलीत गेल्या आणि मधल्या पाटावर बसल्या.

मी धावले. बाबांनी दुकानातून सगळ्यात मोठा गंज, पातेलंच ते, आणून दारात ठेवलाच होता. मी न सांगता. आत येणारी प्रत्येक बाई त्यात फोन टाकत गेली. एका करवलीनं कुरकुर केली, तिचा रेवूनं स्वतः काढून टाकला, शालूत, मुंडावळ्यांसकट. शेवटी माझा. बाबांनी झाकण ठेवलं आणि वर स्टूल टाकून बसले.

आईनं वाढलं. काकूंनी वाटी उचलली. उलटी केली, नाव पाहिलं, टिचकी मारली. मग तीच टिचकी पुन्हा, पुन्हा, ठेक्यात. त्यांच्या बहिणी मागून टाळ्या धरू लागल्या.

आणि त्या गायल्या.

शब्द इथेही लिहीत नाही. एवढंच लिहिते की मला वाटलं होतं, आईवर असेल. आईवर नव्हतं. नाव माझं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी पल्लवी. पंधरा वर्षं कुणाकुणाच्या नावावर जगते, त्यावर होतं. माझ्या नाकातल्या आवाजावर होतं. आणि एक ओळ अशी, जी या घरात कुणी माझ्या तोंडावर बोललेलं नाही, आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

बायका हसून लोळल्या. आई सगळ्यात जास्त. रेवू हसली, महिन्यात पहिल्यांदा. मी ओढणी तोंडाला लावली आणि खांदे हलेस्तोवर हसले, कारण तसंच हसायचं असतं. आतून कोणीतरी उलटं करून बुड पाहिल्यासारखं झालं.

हात धुताना म्हणाल्या, "झालं. फिटलं." मग थोडं थांबून, "जेवली का तू?"

१६ डिसेंबर

घर रिकामं. रेवूची उशी तशीच आहे.

ती चाल. ती चाल भयंकर चांगली आहे. माझ्या गाण्याहून चांगली. दुसऱ्या ओळीत सूर जिथं खाली यायला हवा तिथं बाई तो वर ठेवतात, आणि मग नाव घेऊन खाली येतात. असं मला आयुष्यात सुचलं नसतं. कशात रेकॉर्ड नाही, कुठे लिहिलेली नाही. अख्खी आहे माझ्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मी मनाशी म्हणते, नाव तर माझं आहे त्यात. माझं नाव विकायचा हक्क माझा. आणि मग वाटतं, नाव माझं, पण गाणं कुणाचं?

निखिलचे चार मिस कॉल.

१७ डिसेंबर

रेवू आली, पहिलं माहेरपण. आशिष खाली बाबांशी बोलत बसला. काकू कालपासून दुपारी पुन्हा दुकानात जाऊ लागल्यात. हमालांनी ठेका धरला तर त्यांनीच वजनकाट्यावर टिचकी मारून दाखवली म्हणे, तेव्हापासून ठेका बंद आहे.

रेवू माझ्या खोलीत गादीवर पसरली, लग्नाआधी पसरायची तशी. बांगड्यांचा चुडा वाजत होता. मी कॉम्प्युटरसमोर, निखिलचा मेल उघडा. आज संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर करार दुसऱ्या मुलीला देतोय, असं त्यात आहे.

खालून बाबांची हाक आली. "पल्लवी, नवीन गाणं का वं? चांगलं लागून राहिलं."

तेव्हा कळलं. माझी बोटं टेबलावर काकूंच्या ठेक्यात वाजत होती, बराच वेळ.

हात मांडीवर घेतले. रेवू छताकडे बघत होती. म्हणाली, "निघताना सासूबाई एकच म्हणाल्या. ताईच्या खोलीत जाशीन तं ऐकून ये, वाजून राहिलं का काही."

मी एक हात मांडीखाली सरकवला.

"काय सांगू त्यायले?"

ती अजून विचारतेच आहे, खालून चहाला हाक आलीय, आणि मी हे लिहीत बसले आहे, एका हातानं. दुसरा मांडीखाली दाबून ठेवलाय.